घरघंटी: नऊ महिने दळण, सहा महिने पत्रव्यवहार

ऑनलाइन वस्तूंचे रिव्ह्यू कधी नीट वाचलेत का? "आजच आली, पॅकिंग मस्त, पाच स्टार." अरे बाबा, स्टार खोक्याला देतोस का चक्कीला? मी घेतलेल्या घरघंटीच्या पानावर असे रिव्ह्यू पोत्यानं होते, आणि त्यांच्यावर विसंबून मीही घेतली. म्हणून मी माझा रिव्ह्यू सोळा महिन्यांनी लिहितोय. यात पॅकिंगबद्दल एकच वाक्य आहे: पॅकिंग चांगलं होतं.

कंपनीचं आणि वेबसाइटचं नाव लिहिणार नाही. आमची तडजोड झालीय, कागदावर सह्या झाल्यात, आता मिटलेलं पुन्हा उकरायचं नाही. नावाशिवायही सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी माझी ओळख, कारण पुढं तिचा संबंध येतो. मी एमएसईबीत हेल्पर म्हणून लागलो आणि महावितरणमधून लाइनमन म्हणून निवृत्त झालो. राहायला कराडजवळ. उभी हयात खांबावर, डीपीजवळ आणि लोकांच्या विहिरीवरच्या मोटरींपाशी गेली. मोटर बिघडली की तिच्या आवाजावरून रोग ओळखायचा, ही सवय नोकरी सुटली तरी सुटत नाही.

आता चक्की. एक एचपीची मोटर, स्टीलची आतली टाकी, सहा जाळ्या, खाली पिठाचा डबा, बाहेरून लाकडासारखा दिसणारा प्लायवूडचा बॉक्स. किंमत १४,४९० रुपये, २०२३ च्या दिवाळी सेलमध्ये. पसंत केली ती पुण्याच्या लेकीनं. तिनं व्हॉट्सॲपवर जाहिरातीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "पप्पा, ही बघा. पूर्ण मशीनला १ वर्ष, मोटरला ५ वर्षं वॉरंटी." हा फोटो मी पुसला नाही म्हणून वाचलो. पण ते पुढं.

वसुबारसेच्या तीन दिवस आधी चक्की घरात आली आणि पहिलं दळण पडलं ते चकलीच्या भाजणीचं. आमच्या मंडळींना गिरणीतली भाजणी कधीच पटली नाही. आपल्या आधी कुणी मिरची-हळद दळलेली असते, नाहीतर गव्हाचं उरलेलं पीठ आपल्या भाजणीत येतं. घरच्या चक्कीवर जाळी आपली, डबा आपला. त्या वर्षीच्या चकल्यांना काटा सुरेख आला, हे मी एक स्टार जास्त देऊन मान्य करतो.

खरी परीक्षा ज्वारीची. आमच्याकडं भाकरी रोज. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांच्या वर राहिलं की त्याची विरी जाते, थापताना भाकरीच्या कडा फाटतात आणि मग सगळा राग तव्यावर निघतो. गिरणीत दोन किलो घेऊन गेलं तर गिरणीवाला तोंड वाकडं करतो, त्याला पायलीभर पाहिजे असतं. घरघंटीत दोन किलोच काय, तीन वाट्या टाकल्या तरी चालतात. ही सोय ज्यानं अनुभवली तो परत गिरणीच्या ओळीत उभा राहणार नाही. एक मात्र सांगतो, पीठ गरम पडतं. डब्यात तसंच झाकून ठेवलं तर वाफ धरतं. अर्धा तास वर्तमानपत्रावर पसरून मग भरायचं. आवाज मोठा आहे, चक्की चालू असताना टीव्हीवरच्या बातम्यांत नुसती तोंडं हलताना दिसतात. दाराच्या रबरातून बारीक पीठ उडतं, त्यामुळे स्वयंपाकघरात ठेवू नका, मागच्या पडवीत ठेवा. बिलाची काळजी नको. एक एचपी म्हणजे साधारण पाऊण किलोवॉट, मोटरचा स्वतःचा तोटा धरला तरी तासभर दळून एक युनिटच्या आसपास जातं, आणि तासभर दळायला घरात तेवढं धान्य लागतं.

असं नऊ महिने बरं चाललं.

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, दळायचं नाही, म्हणून दिंडांच्या कणकेसाठी गहू आदल्या दिवशी दळायला घेतले. बटण दाबलं. मोटर नुसती "हुंऽऽऽ" करून घुमली, फिरली नाही. पाच-सात सेकंदांत ओव्हरलोडचा स्विच पडला आणि सगळं शांत. मंडळी म्हणाल्या, "अहो, तिनं एक दिवस आधीच पंचमी धरली."

मी प्लग काढला, पुढचं दार उघडलं, आतला कातरा लाकडी उलथन्यानं ढकलून बघितला. अलगद फिरला. म्हणजे बेअरिंग धरलेलं नाही, आत खडाही अडकलेला नाही. हात लावला की फिरते, करंट दिला की नुसती गुणगुणते, ही सिंगल फेज मोटर असेल तर दहात आठ वेळा कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा छोटा भाग, गेलेला असतो. बाजारात दीड-दोनशे रुपयांची वस्तू. मागचे चार स्क्रू काढले की समोर. माझ्याकडं स्क्रू ड्रायव्हर होता, कंडेन्सरही जुन्या पेटीत कुठंतरी होता. पण चारातल्या एका स्क्रूवर चिकटपट्टी होती: काढल्यास वॉरंटी रद्द. आयुष्यभर लोकांच्या मोटरी उघडल्या आणि स्वतःच्या घरात त्या पट्टीपुढं हात जोडून बसलो. तुम्हीही बसा. ती पट्टी फाडली असती तर पुढं बोलायला तोंड राहिलं नसतं.

यापुढचा भाग सेवेचा रिव्ह्यू.

वेबसाइटवर ऑर्डर उघडली तर "परत करण्याची मुदत संपली" एवढंच दिसत होतं. चॅटवर यंत्र बोलतं, चार पर्याय देतं, आपला पाचवा असतो. माणूस मिळाला तो दुसऱ्या दिवशी. तो हिंदीत म्हणाला, "सर, हम तो सिर्फ प्लॅटफॉर्म हैं, बेचनेवाला कोई और है." बेचनेवाला म्हणजे बिलावर छापलेली गुजरातमधली एक ट्रेडिंग कंपनी, तिचा फोन लागला नाही. उत्पादक कंपनीच्या नंबरवर नोंद झाली आणि तेरा दिवसांनी, २१ ऑगस्टला, कोल्हापूरहून एक पोरगा आला.

पोरगा वाईट नव्हता. चोवीस-पंचवीसचा, दिवसाला दहा कॉल मारणारा. बॅगेत स्क्रू ड्रायव्हर आणि टेस्टर होता, मीटर नव्हता. त्यानं बटण दाबलं, हुंऽऽऽ ऐकलं, कोपऱ्यातल्या दोन पत्र्याच्या कोठ्या बघितल्या, शेजारच्या वहिनींची गव्हाची पिशवी बघितली आणि जॉबशीटवर इंग्रजीत लिहिलं: व्होल्टेज कमी-जास्त झाल्यानं बिघाड, व्यावसायिक वापर, वॉरंटीबाहेर. खर्च ४,८५० रुपये. भेटीचे ४०० वेगळे.

मी म्हटलं, "बाळा, व्होल्टेज मोजलंस कशानं?"

तो म्हणाला, "काका, वरून सांगितलंय. मोटर जळाली की हेच लिहायचं."

"मोटर जळालीय का? जळाल्याचा वास येतोय का तुला?"

तो गप्प बसला. त्याच्या हातात काही नव्हतं, हे मलाही कळत होतं. मी ४०० दिले, पावती घेतली, आणि जॉबशीटवर सही करण्याआधी मराठीत लिहिलं: "वरील कारण मान्य नाही. माझ्यासमोर व्होल्टेज मोजलेले नाही. मशीन उघडलेले नाही." मग सही, तारीख, वेळ. या तीन ओळी पुढं चार हजार रुपयांच्या ठरल्या. सर्व्हिसवाला पुढं करतो त्या कागदावर नुसती सही करू नका. सही नाकारली तर "ग्राहकाने सहकार्य केले नाही" असं लिहितात, म्हणून सही करा, पण वर आपलं म्हणणं लिहून.

व्होल्टेजचं मात्र माझ्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या कशावर ढकललं असतं तर सोडून दिलं असतं. सिंगल फेजला २३० व्होल्ट आणि त्यात सहा टक्के वरखाली चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. मी चौदा दिवस चक्कीच्याच सॉकेटवर सकाळ, दुपार, रात्र मीटर लावला आणि वहीत नोंदी केल्या. सर्वांत कमी २२१, सर्वांत जास्त २३८. त्याच लाइनवरचा फ्रिज अकरा वर्षांचा आहे, अजून बर्फ धरतो. चक्कीच्या पुस्तिकेत स्टॅबिलायझर लावा असा एक शब्द नाही. उन्हाळ्यात शेतीपंप सुरू झाले की आमच्या भागात व्होल्टेज पडतं, हे मी नाकारणार नाही. पण ही मोटर बंद पडली भर श्रावणात, पावसाची झड चालू असताना.

याच सुमारास ग्राहक पंचायतीच्या, म्हणजे ग्राहकांच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्या संघटनेच्या, एका कार्यकर्त्यांची गाठ पडली. निवृत्त बँकवाले, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा १९८६ चा ग्राहक कायदा यायला अजून बारा वर्षं होती. त्या पिढीच्या हाताखाली तयार झालेली ही माणसं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "यातलं लेखी काय आहे?" मी म्हटलं, अकरा फोन केलेत. ते म्हणाले, "म्हणजे काहीच नाही."

त्या दिवसापासून फोन बंद केला.

त्यांनी समजावलेलं मी माझ्या भाषेत सांगतो. आत्ताचा कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये. त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीसाठी वेगळे नियम आले, ई-कॉमर्स नियम २०२०. त्यात वेबसाइटचे दोन प्रकार केलेत: स्वतःचा माल विकणारी, आणि दुसऱ्याला दुकान मांडायला जागा देणारी. माझी दुसऱ्या प्रकारची. पण "आम्ही फक्त प्लॅटफॉर्म" म्हणून हात झटकायला तिलाही मोकळीक नाही. तिनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव, हुद्दा, संपर्क साइटवर टाकायचा, त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाली काढायची. खरेदीनंतर ग्राहकानं लेखी मागितलं तर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता, ईमेल द्यायचा. आणि विक्रेत्यावर बंधन असं, की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर तो परत घ्यायला, पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. "सात दिवसांची मुदत संपली" हे वेबसाइटचं धोरण झालं. आपल्याला वस्तू आवडली नाही, रंग पसंत पडला नाही, तर ते धोरण लागू. वस्तूतच खोट निघाली तर धोरणाच्या वर कायदा आहे.

तक्रार अधिकाऱ्याचं नाव शोधायला मला पाऊण तास लागला. पानाच्या तळाशी, राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात. २४ ऑगस्टला ईमेल केला. बिल, जॉबशीट, ४०० ची पावती, वहीतल्या तोवरच्या नोंदींचा फोटो आणि लेकीनं पाठवलेली ती जाहिरात जोडली. विक्रेत्याचा पत्ताही मागितला. पोच ४८ तासांच्या आत आली, यंत्राची असली तरी तक्रारीचा नंबर होता. पत्ताही मिळाला, तो मात्र तीनदा आठवण करून दिल्यावर. उत्तर आलं सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात: उत्पादकानं वॉरंटी नाकारली आहे, सबब प्रकरण बंद. मध्ये गौरी येऊन गेल्या. करंज्यांचा रवा, भाकरीचं पीठ, सगळं गिरणीतून. गिरणीवाल्यानं काही विचारलं नाही, पण हसला.

मग १९१५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. मराठीत बोलणारी मुलगी मिळाली आणि तिनं शांतपणे सगळं लिहून घेतलं. या सेवेला माझे चार स्टार. पण गैरसमज नको. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, ती तुमची तक्रार कंपनीच्या योग्य माणसाच्या टेबलावर ढकलते. बऱ्याच जणांचं काम तिथंच होतं, आमच्या साडूंचा परतावा नऊ दिवसांत आला. माझ्या बाबतीत उत्पादकानं एक नवीन मुद्दा काढला: पाच वर्षांची वॉरंटी मोटरला आहे आणि कंडेन्सर हा मोटरचा भाग नाही.

हे वाचून मला हसू आलं. एक तर मशीन न उघडता तुम्हाला कसं कळलं कंडेन्सर गेलाय? ते मी म्हणत होतो, तुमचा माणूस व्होल्टेज म्हणत होता. दुसरं, मशीन बंद पडलं नऊ महिन्यांनी. पूर्ण मशीनला एक वर्ष आहे, त्यात कंडेन्सर, बटण, वायर, दाराची बिजागरी सगळं आलं. पाच वर्षांच्या भांडणात पडायचं कारणच नाही. मोठा आकडा दाखवून लहान आकडा विसरायला लावायची ही रीत दिसते. तुमच्या बिलावर दोन वॉरंट्या असतील तर आधी लहान वॉरंटीची तारीख बघा.

व्यावसायिक वापराचंही इथंच उरकतो. आमच्या घरी दळणाचे पैसे कुणी देत नाही. शेजारच्या वहिनी अधूनमधून पाच किलो गहू आणतात आणि जाताना वाटीभर लोणचं ठेवून जातात. हा धंदा असेल तर सगळी गल्ली धंदेवाईक आहे. पण बचत गटाच्या कितीतरी बाया अशाच चक्कीवर भाजणी दळून विकतात, त्यांच्यासाठी सांगतो. व्यापारासाठी वस्तू घेतली तर आपण कायद्यानं "ग्राहक" राहत नाही, हे खरं. मात्र त्यातच खुलासा आहे: स्वतः राबून, स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. म्हणजे ग्राहक आयोगाचं, ग्राहकांच्या कोर्टाचं, दार तुम्हाला बंद नाही. "फक्त घरगुती वापर" ही वॉरंटीची अट वेगळी, ती तुमच्या आड येऊ शकते. घेतानाच वाचा, आणि विकण्यासाठी दळणार असाल तर सरळ व्यावसायिक चक्की घ्या.

ऑक्टोबरात तिघांना, म्हणजे उत्पादक, विक्रेता आणि वेबसाइट यांना, रजिस्टर पोस्टानं नोटीस. पंधरा दिवसांची मुदत. वकील केला नाही, साध्या मराठीत दोन पानं. एक परत आली "पत्त्यावर आढळले नाही" म्हणून, ती गुजरातची. दोन पोचल्या. उत्तर कुणाचंच नाही.

२५ नोव्हेंबर २०२४ ला तक्रार दाखल केली, सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगात. लोक अजून ग्राहक मंचच म्हणतात. इथं तीन गोष्टींनी माझी भीती घालवली. एक, तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो नाहीतर बंगळुरात, त्यांनी साताऱ्याला यायचं. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. दोन, वस्तूसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी शून्य. तीन, वकील सक्तीचा नाही. बिघाड झाल्यापासून दोन वर्षांत यावं लागतं, मी साडेतीन महिन्यांत आलो होतो. अर्ज ई-दाखिल या तक्रारींच्या ऑनलाइन पोर्टलवर लेकीनं भरला, मी शेजारी बसून ओटीपी सांगत होतो. (१ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे नवं पोर्टल सुरू झालंय.) प्रतिज्ञापत्राला नोटरी, झेरॉक्स, टपाल, एसटीचं भाडं, सगळं मिळून पदरचे बाराशे-तेराशे गेले असतील.

मागणी मोजकीच लिहिली: चक्की विनामूल्य दुरुस्त करून द्यावी, नाहीतर १४,४९० परत द्यावेत. शिवाय भेटीचे ४०० आणि खर्च-त्रासापोटी पाच हजार. पंचायतीचे ते गृहस्थ म्हणाले होते, दोन लाख मागू नका, हसं होतं. एक धास्ती होती. वस्तूतला दोष डोळ्यांना दिसत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो आणि तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. म्हणून मी मोटर घुमते पण फिरत नाही याचा व्हिडिओ काढून पेनड्राइव्हवर दिला, त्यात सॉकेटला लावलेला मीटरही दिसतो. २२९ व्होल्ट.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला सातारला गेलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. खांबावर चढताना कधी पडली नाही. बाहेरच्या बाकावर एक शिक्षिका विमा कंपनीविरुद्ध आल्या होत्या, एक शेतकरी सोयाबीनच्या बियाण्यासाठी. आत पाच मिनिटांचं काम. सदस्यांनी जॉबशीटवरच्या माझ्या तीन ओळी वाचल्या, तक्रार दाखल करून घेतली आणि जाबदारांना, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांना, नोटीस निघाली.

जानेवारीच्या सुरुवातीला ती कंपनीला पोचली. भोगीची बाजरी पुन्हा गिरणीतच. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत जाबदारानं लेखी म्हणणं द्यायचं, फार तर १५ दिवस वाढवून मिळतात. त्यापुढं आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ४ मार्च २०२० ला सांगून ठेवलंय. पस्तिसाव्या दिवशी, ७ फेब्रुवारीला, मला फोन आला. सहा महिन्यांत कंपनीकडून आपणहून आलेला पहिला फोन, आणि तो मराठीत होता! वकीलबाई अतिशय गोड बोलत होत्या. "काका, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला हेलपाटे?" मी म्हटलं, "ताई, मीही ऑगस्टपासून तेच विचारतोय. आता जे काय असेल ते ईमेलवर पाठवा."

ईमेल आला. नवीन मोटर कंडेन्सरसह मोफत, ४०० परत, खर्चापोटी ३,५०० रुपये. मी होकार दिला, पण क्रम बदलून घेतला: आधी मोटर बसवा, पैसे खात्यात टाका, मग मी सही करतो. तडजोड पुरसिस, म्हणजे तडजोड झाल्याचा सह्यांचा कागद, फेब्रुवारीच्या अखेरीस दाखल झाली आणि तक्रार निकाली निघाली. लढलो असतो तर जास्त मिळालं असतं का? असेलही. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, माल तपासायला पाठवला तर पाच, पण बाकावरच्या त्या शेतकऱ्याची ती सातवी तारीख होती. मला पीठ हवं होतं.

मोटर बसवायला तोच पोरगा आला. या वेळी बॅगेत मीटर होता. मागचं झाकण काढलं तर कंडेन्सर वरून फुगून टोपीसारखा झालेला, खाली तेलकट डाग. मोटरचं वाइंडिंग तपासलं, ठणठणीत. म्हणजे कंपनीनं दीडशेच्या वस्तूसाठी एक चांगली मोटर बदलली, वकील लावला आणि वर मला ३,९०० दिले. मी पोराला चहा दिला, जुना कंडेन्सर मागून घेतला. तो आता शोकेसमध्ये बक्षिसाच्या कपाशेजारी आहे आणि मंडळी आठवड्यातून एकदा तो फेकायला निघतात.

तर स्टार. चक्कीला चार, एक आवाजासाठी कापला. उत्पादकाच्या सेवेला एक, तोही त्या पोरासाठी. वेबसाइटला ४८ तासांच्या पोचेबद्दल अर्धा. विक्रेत्याला काय द्यायचं, तो अजून सापडलेला नाही.

घ्यायची असेल तर घ्या, एक एचपीची पुरते. पण घेण्याआधी जाहिरातीच्या पानाचा फोटो काढून ठेवा, ते पान नंतर बदलतं. माझ्या चक्कीच्या पानावर आता "५ वर्षं" च्या पुढं एक चांदणी आलीय. आणि तुमच्या तालुक्याच्या गावी दुकानात हीच वस्तू हजार-पंधराशे जास्त देऊन मिळत असेल, तर त्या पंधराशेत दुकानदाराचा चेहरा येतो, हे हिशेबात धरा.

नवीन मोटर जुनीपेक्षा थोडी मंद घुमते, पीठ मात्र तसंच पडतं. तिची वॉरंटी बसवल्या दिवसापासून धरायची की जुन्या बिलाच्या तारखेपासून, हे जॉबशीटवर कुठंच लिहिलेलं नाही. तसा ईमेल मी काल सकाळी अकरा वाजता टाकलाय. उद्या अकराला ४८ तास होतील.